पहिल्या वाक्यानंतरचा कट

वंदनाताईंनी मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. "हे तुम्हीच जोडलंय ना? मग सांगा, रविवारी मी सात पोरी कुठून आणू?"

मोबाइलवर आमच्या डॉक्युमेंटरीचा ट्रेलर होता. कल्याणात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गल्लीगल्लीत टोळ्या कशा उभ्या राहिल्या, हा विषय. मी एडिटर. दुसऱ्यांनी शूट केलेलं डोंबिवलीतल्या एका खोलीत बसून कापायचं आणि जोडायचं, एवढंच माझं काम. वंदनाताई कल्याणात मुलींना कबड्डी शिकवतात. त्यांच्या मंडळाची पाटी ट्रेलरमध्ये चांगली ठसठशीत दिसत होती.

पाटीवर आवाज दिनेशचा. हा अशाच एका टोळीतला जुना माणूस, आता रिक्षा चालवतो. "आम्ही पाच-सहा पोरं या कबड्डीच्या ग्राउंडवर एकत्र आलो." मग धडाम् म्युझिक आणि चॉपरचा, म्हणजे लांब सुऱ्याचा, क्लोजअप.

मुलाखतीतला जो तुकडा फिल्ममध्ये वापरतात, त्याला आम्ही बाइट म्हणतो. हा बाइट घरोघरी पोहोचला. गुंडांच्या ग्राउंडवर पोरगी कशाला पाठवायची? दहापैकी सहा मुली यायच्या बंद झाल्या. रविवारी ठाण्यात जिल्ह्याची निवड चाचणी होती आणि सात खेळाडूंशिवाय संघ उतरवता येत नाही.

"ताई, बाइट खोटा नाहीये. तो स्वतःच बोललाय."

"एवढंच बोललाय?"

पुढचं मला पाठ होतं. "पण एकदा मी चॉपर घेऊन आलेलो, तर वंदनाताईंनी कानाखाली आवाज काढला आणि सगळ्यांना हाकललं. मग आम्ही नाक्यावर बसायला लागलो. तिथे एका रेती-विटावाल्याने आम्हाला हाताशी धरलं." या माणसाला बिल्डरांना दम देऊन आपलाच माल घ्यायला लावायचा होता. त्यासाठी रिकामी पोरं हवी होती. म्हणजे टोळीचा जन्म नाक्यावरचा. पण रेती-विटांवर म्युझिक चढत नाही. मी पहिल्या वाक्यानंतर कट केलं आणि वर स्वतःवर खूशही झालो होतो.

ताईंसमोरच मी दिग्दर्शकाला, नचिकेतला, फोन लावला.

"सर, ट्रेलर नव्वद सेकंदांचाच पाहिजे," तो म्हणाला. "पूर्ण बाइट बसवणार कुठे?"

"चॉपर काढ."

"मग ती गँगची फिल्म वाटणार कशी?"

"अरे, गँगमध्ये दिनेश होता. चॉपर तर आपण भाड्याने आणलेला."

नचिकेत वाईट नाही. संध्याकाळी त्याने जुना ट्रेलर उतरवून पूर्ण बाइटचा नवा चढवला. मला वाटलं, सुटलो. पण जुना व्हॉट्सॲपवर फिरतच होता. दुसऱ्या दिवशीही ग्राउंडवर चारच मुली.

शनिवारी सकाळी ताईंनी पालकांना बोलावलं. मी लॅपटॉप घेऊन गेलो आणि दिनेशलाही नेलं. तो गेटपाशीच थांबला.

"मी आत नाय येणार, सर. ताईंनी सांगितलेलं, परत पाय ठेवलास तर तंगडी तोडीन."

"वीस वर्षं झाली रे त्याला!"

"तुम्ही ताईंना ओळखत नाय."

पालकांना मी अख्खा बाइट दाखवला. "पुढचं वाक्य मी कापलं," असंही सांगितलं.

"का कापलं?" एका मुलीच्या वडिलांनी विचारलं.

सेकंदांचं गणित मी तयार ठेवलं होतं. पण ते बोलायची लाज वाटली. "भारी वाटत होतं म्हणून," मी म्हणालो.

"म्हणजे ताईंनी हाकललं म्हणून पोरं बिघडली?" ते म्हणाले. मग गेटबाहेरून दिनेशचा आवाज आला. "काका, मला काढलं म्हणून मी बिघडलो नाय. बिघडलेलो म्हणून काढलं. आणि चौथ्या दिवशी ताई माझ्या घरी आलेल्या, परत चल म्हणून. मीच गेलो नाय, तेव्हा तंगडी तोडायचं बोलल्या."

हे आमच्या चार तासांच्या मुलाखतीत कुठेच नव्हतं.

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"कोणी विचारलंच नाय. तुम्हा सगळ्यांना चॉपरचंच ऐकायचं होतं."

ताई एवढा वेळ हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्या गेटपाशी गेल्या. "ये आत," म्हणाल्या. "चप्पल बाहेर काढ."

दिनेश आत आला आणि खाली मातीतच बसला.

रविवारी आठ मुली ठाण्याला गेल्या. दुसऱ्या फेरीत हरल्या, पण त्यांच्यातली एक जिल्ह्याच्या संघात निवडली गेली. आम्हीही ग्राउंडवर पुन्हा शूट केलं. फिल्ममध्ये आता ताई दिनेशच्या घरी गेल्या होत्या ती हकिगत आहे, चॉपर नाही.

तेव्हापासून ज्याचा बाइट कापतो त्याला तो आधी दाखवतो. दोन दिवस जास्त जातात, नचिकेत कुरकुर करतो. करू दे. दिनेशचं ते पुढचं वाक्य मी न ऐकता कापलं असतं, तर चूक झाली म्हणता आलं असतं. मी ते पूर्ण ऐकून कापलं होतं.