चेंडूच्या तालावरची हळद
नातीच्या हळदीचा वास घरभर पसरला आणि मला दुबईच्या देरा भागातलं बिनछपराचं थिएटर आठवलं. साठच्या दशकात आम्ही कोकणातली माणसं तिथल्या धक्क्यावर गोणी उचलायचो. त्या संध्याकाळी आमच्यातल्या एका चाचांच्या मुलीची गावी हळद होती आणि त्यांना रजा मिळाली नव्हती. सिनेमाआधी कार्टून लागलं. खाली इंग्रजी गाण्याचे शब्द, त्यांवर तालात उड्या मारणारा चेंडू. वाचता कुणालाच येत नव्हतं. चाचांनी त्या चेंडूच्या तालावर बायकांचं हळदीचं गाणं धरलं. आम्ही दुखऱ्या हातांनी टाळ्या दिल्या. गाणं अर्ध्यावर असतानाच कार्टून संपलं, चेंडू गेला. “खलास,” चाचा म्हणाले, “चला, पहाटे गलबत लागायचंय.” पुढे माझ्या मुलीच्या हळदीचा दिवसही मी देऱ्यातच काढला, चेंडूशिवाय. आज घरी आहे, तर टाळीला हात उचलत नाहीत.