शालिनीताईंचा नोव्हेंबर

शालिनीताई रंगी यांची आणि माझी ओळख टेलिफोनवर झाली. दक्षिण ऑकलंडमधल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या औषध विभागात मी नुकतीच रुजू झाले होते. नवजात बालकांच्या वॉर्डातून एका औषधाची मात्रा विचारणारा फोन आला. पलीकडे सिस्टर रंगी होत्या. आडनावावरून मी त्यांना इथल्या मूळच्या माओरी लोकांतल्या समजले आणि जमेल तितक्या जपून इंग्रजीत बोलू लागले. पुस्तकात मात्रा पडताळताना सवयीने तोंडून निघून गेले, "एक मिनिट हं." मग अस्सल मिरजेकडच्या हेलात उत्तर आले, "बघ की सावकाश. बाळ झोपलंय."

दुपारी मी मुद्दाम वॉर्डात गेले. पांढऱ्या गणवेशातल्या, ठेंगण्या, सावळ्या बाई काचेच्या पेटीत हात घालून एका तळहाताएवढ्या बाळाचे अंग पुसत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पुण्याची ना तू? जेवलीस काय?" परदेशात येऊन मला तीन महिने झाले होते आणि तोवर हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

यंदा शालिनीताई साठ वर्षांच्या झाल्या. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या रुग्णसेवेबद्दल त्यांचे सहकारी डॉक्टर माझ्यापेक्षा अधिकाराने लिहितील. मला सांगायचे आहे ते एका नोव्हेंबर महिन्याबद्दल. त्या महिन्यात मी त्यांचे घर आतून पाहिले. त्याआधी मला वाटे की कामसू माणसे मी भरपूर पाहिली आहेत.

मिरजेला परिचारिकेचे शिक्षण घेऊन शालिनी चौगुले १९६० च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडला आल्या. इथे विरेमु रंगी या माओरी सुताराशी त्यांचे लग्न झाले. विरेमु मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे. शालिनीताईंनी लग्नाआधी वर्षभर विचार केला, प्रश्न विचारले, आणि मग त्याही त्या पंथात गेल्या. मिरजेला त्यांचे थोरले बंधू अण्णा यांनी त्यानंतर त्यांच्याशी बोलणे सोडले. इथल्या आपल्या मंडळींतही "त्या आता आपल्यातल्या राहिल्या नाहीत" असे बोलले जाई. हे त्यांना ठाऊक होते. तरीही कुणाच्या घरी बाळंतपण असले की दारात पहिली गाडी त्यांचीच उभी राही.

त्या घरात चहा-कॉफी होत नाही. त्यांच्या पंथात ते वर्ज्य आहे. पहिल्यांदा त्या आमच्याकडे आल्या तेव्हा मी कपभर चहा पुढे केला. त्यांनी हसून कप माझ्याकडेच सरकवला. "तू पी. मला गरम पाण्यात आलं घालून दे. पण चहाचा वास येऊ दे गं, वासाला कुणी बंदी केलेली नाही."

त्या नोव्हेंबरात रंगी कुटुंबात तीन मोठी कार्ये होती. मुलगा राविरी, म्हणजे घरातला रवी, फिलिपिन्समध्ये दोन वर्षे धर्मसेवा करून परतणार होता. मुलगी हिना हिचे लग्न होते. आणि विरेमुंच्या पुतण्याची लेक अरोहा, जिला या दोघांनी तान्हेपणापासून आपली म्हणून वाढवले, ती आठ वर्षांची होऊन तिचा बाप्तिस्मा व्हायचा होता. याशिवाय शालिनीताई त्यांच्या चर्चच्या महिला मंडळाच्या प्रमुख होत्या. नाताळसाठी गरजू घरांना धान्याच्या पेट्या भरून द्यायच्या होत्या, आणि एका सामोअन विधवेच्या घराला रंग लावायचा होता. नोकरी होतीच.

आणि महिन्याच्या सुरुवातीलाच माझा मुलगा ईशान दोन महिने आधी जन्माला आला.

माझे पती श्रीकांत तेव्हा डॉक्टरीच्या नोंदणीपरीक्षेसाठी वेलिंग्टनला होते. आई पुण्याला, व्हिसाच्या प्रतीक्षेत. शुद्धीवर आले तेव्हा माझ्या उशाशी शालिनीताई बसल्या होत्या. मी विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, "आहे. श्वास यंत्रानं घेतोय, पण हात-पाय झाडतोय. माझ्याच वॉर्डात आहे, दुसरीकडं कुठं नाही." पहिला शब्द त्यांनी "आहे" हा निवडला, तो मी आयुष्यभर विसरणार नाही.

मी घरी आले त्या दिवसापासून आमच्या दारात माणसे येऊ लागली. एक बाई येऊन कपडे घेऊन गेली आणि तिने ते इस्त्री करून परत दिले. कुणी रोज रुग्णालयात नेऊन सोडी. एका धिप्पाड टोंगन बाईंनी मोठ्या पातेल्यात वरण आणले. शालिनीताईंनी त्यांना ते करायला शिकवले होते. त्यात त्यांनी आपल्या मनाने नारळाचे दूध आणि रताळी घातली होती. मी ते दोन वेळा मागून घेतले. श्रीकांत परीक्षा देऊन परतले तर अंगणातले गवत कापून झालेले. ते मला विचारू लागले, "ही माणसं कोण आहेत?" मलाही सगळ्यांची नावे सांगता येईनात.

महिन्याच्या पहिल्या रविवारी ही मंडळी उपास करतात. पाणीही घेत नाहीत, आणि वाचलेले जेवण गरजूंच्या कामी लावतात. त्या रविवारी ईशानची प्रकृती बिघडली. पेटीतले ते एवढेसे अंग निळसर दिसू लागले. दुपारी विरेमु वॉर्डाच्या दारात येऊन उभे राहिले. हा माणूस मुळात अबोल. टोपी हातात घेऊन, माओरीत नमस्कार करून ते म्हणाले, "किआ ओरा, वृंदा. आज आम्ही सगळे तुझ्या मुलासाठी उपाशी आहोत. तुला माहीत असावं, म्हणून आलो." बाहेर मोटारींच्या तळावर त्यांच्या चर्चची कितीतरी माणसे उन्हात उभी होती. त्यांतल्या बहुतेकांनी मला पाहिलेही नव्हते. लहानपणापासून मी घरात उपास पाहिले होते, पण ते आपापल्या घरासाठी असत. अनोळखी माणसे माझ्या लेकरासाठी पाण्यावाचून उभी आहेत हे पाहून मी खिडकीतूनच हात जोडले. सोमवारी ईशानचा रंग पालटला. श्रेय कुणाला द्यायचे हे ज्याने त्याने ठरवावे. शालिनीताई स्वतः म्हणाल्या, "डॉक्टरांनी रात्रभर जागून काम केलंय. आधी त्यांना थँक्यू म्हण."

पुढच्या आठवड्यात रवी परतला. विमानतळावर त्याच्या चुलतभावांनी पाय आपटत, छाती ठोकत 'हाका' हे माओरी स्वागतनृत्य केले तेव्हा काळ्या सुटातला तो उंच मुलगा रडत उभा होता. दुसऱ्याच दिवशी शालिनीताईंनी त्याच्या हाती रंगाचा ब्रश देऊन त्याला त्या विधवेच्या घरी धाडले. त्याला मराठी सारे समजे, पण उत्तर इंग्रजीत येई. "आराम नको का त्याला?" मी विचारले. रवीच म्हणाला, "स्वीट ॲज, आंटी, काही त्रास नाही. दोन वर्षं हेच करत होतो."

याच सुमारास मिरजेहून अण्णा आले. हिनाने आईला न सांगता मामाला फोन केला होता आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हटले होते, "मामा, माझं लग्न. तुम्ही या." अण्णांचे मिरजेला सायकलींचे दुकान होते. सत्तरीला आलेले, ताठ, कडक इस्त्रीच्या सदऱ्यातले गृहस्थ. पंचवीस वर्षांनी बहीण-भाऊ समोरासमोर आले तेव्हा "प्रवास बरा झाला?" आणि "झाला" यापलीकडे काही बोलणे झाले नाही. बहिणीच्या घरी चहा नाही म्हटल्यावर ते रोज सकाळी चालत आमच्याकडे येऊ लागले. कप तोंडाला लावून म्हणत, "नवरीला हात धरून बोहल्यावर मामानंच न्यायचं असतं. त्यासाठी आलोय मी. बाकी माझं इथं काय काम?"

अडचण तिथेच होती. हिनाचे लग्न हॅमिल्टनजवळच्या त्यांच्या मंदिरात लागणार होते. त्या मंदिरात त्यांच्याच पंथातल्या, ठरावीक तयारी पूर्ण केलेल्या माणसांना प्रवेश असतो. इतर कुणालाही नाही, मग तो नवरीचा मामा का असेना. ही गोष्ट अण्णांना सांगितली ती शालिनीताईंनी, आमच्याच स्वयंपाकघरात.

अण्णांचा कप खाली आपटला. "म्हणजे लग्न आत आणि मामा बाहेर? एवढा समुद्र ओलांडून मी पायरीवर बसायला आलो? शालू, मी उद्याच परत जातो."

मला आणि श्रीकांतना कुठे बघावे कळेना. शालिनीताई उभ्याच होत्या. त्यांचा आवाज चढला नाही.

"अण्णा, तुला आत न्यायची मला मुभा नाही, आणि असं खोटं काही करून मी तुला नेणारही नाही. मी ज्यावर विश्वास ठेवते ते तुझ्यासाठी मोडलं, तर उद्या तूच मला विचारशील, मग एवढी वर्षं कशासाठी घालवलीस म्हणून." त्यांनी अण्णांचा कप उचलून ओट्यावर ठेवला. "माझ्या लग्नात माझ्याकडचं कुणीसुद्धा नव्हतं, आत नाही आणि बाहेरही नाही. बाहेर आल्यावर मी रस्त्याकडं बघितलं होतं. हिना बाहेर येईल तेव्हा तिचा मामा उभा असेल. मला ते लई आहे रे. पुढं तुझी मर्जी."

अण्णा चपला घालून निघून गेले. पण परतीच्या तिकिटाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

लग्नाच्या दिवशी ईशान यंत्राशिवाय श्वास घेत होता. "श्रीकांत बसतील त्याच्यापाशी. तू चल, अण्णाला सोबत लागेल," अशी शालिनीताईंनी मला आज्ञाच केली. हॅमिल्टनच्या हिरव्या टेकडीवर ती पांढरी इमारत उभी होती. गाडीतून हिना उतरली. अण्णा कोट घालून, फेटा बांधून आले होते. शालिनीताईंनी लेकीचा हात उचलून भावाच्या हातात दिला. "दारापर्यंतची वाट सगळ्यांना मोकळी आहे, अण्णा. ती तुझी."

फेटेवाले मामा आणि पांढऱ्या पोशाखातली हिना त्या लांब फरसबंद वाटेवरून सावकाश चालत गेली. दोन्ही बाजूंना विरेमुंचे आप्त उभे होते. त्यांतल्या एका वृद्ध माओरी बाईंनी उंच, लांब सुरात हाक देऊन त्यांचे स्वागत केले. अण्णांना त्यातला एक शब्दही कळला नसेल, पण त्यांची मान ताठ झाली. दारापाशी त्यांनी हिनाच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते मागे फिरले.

आम्ही हिरवळीवरच्या बाकावर बसलो. लहान मुलांनाही आत सोडत नाहीत, म्हणून अरोहाही आमच्याबरोबर होती. तिने आपल्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, काढल्या आणि मामाआजोबांनाही तसेच गवतावर चालायला लावले. अण्णांनी, ज्यांना मी अनवाणी कधी पाहिले नव्हते, पायातले बूट काढले.

बऱ्याच वेळाने दार उघडले. नवरा-नवरीच्या आधी शालिनीताईच बाहेर आल्या. इकडेतिकडे न बघता, साडीच्या निऱ्या धरून, जवळजवळ धावतच त्या भावापाशी आल्या आणि वाकून त्याच्या पाया पडल्या.

"लागलं अण्णा लग्न."

"पोर रडली काय?"

"नाही. मीच रडले."

अण्णांनी बहिणीला उठवून जवळ घेतले. त्यानंतर ते दोघे काय बोलले ते मी ऐकले नाही. मी अरोहाला घेऊन बाजूला झाले.

महिनाअखेरीच्या शनिवारी अरोहाचा बाप्तिस्मा झाला. तो सोहळा त्यांच्या नेहमीच्या चर्चमध्ये होता आणि सर्वांसाठी खुला होता. अण्णा पहिल्या रांगेत बसले. रवीने अरोहाला हौदाच्या पाण्यात पुरते बुडवून वर काढले, तेव्हा ती नाकातोंडातले पाणी झटकत मोठ्याने ओरडली, "फ्रीझिंग!" सारे हसले. टॉवेल घेऊन सर्वांत आधी अण्णा उठले होते. त्याच दुपारी शालिनीताईंनी हॉलमध्ये धान्याच्या पेट्या भरायला घेतल्या. अण्णा डाळीच्या पिशव्या बांधायला बसले, आणि गाठ कशी मारायची यावरून त्यांचा विरेमुंशी खुणांनी वाद झाला. आठवड्याभरात ईशान घरी आला. त्याला गाडीपर्यंत शालिनीताईंनीच उचलून आणले.

एवढ्या सहवासात त्यांनी आम्हाला आपल्या पंथात येण्याविषयी एकदाही सुचवले नाही. मी एकदा कारण विचारले. "तू आजारी, तुझं पोर पेटीत. तेव्हा देवाचं नाव काढलं असतं तर ती मदत राहिली नसती, सौदा झाला असता. कधी मनापासून विचारशील तेव्हा दिवसभर सांगत बसेन." माझा देव आजही देव्हाऱ्यातच आहे, आणि शालिनीताई आमच्या गणपतीला आल्या की आरतीच्या वेळी हात जोडून स्वस्थ उभ्या राहतात. दोन्हीकडच्या श्रद्धेचा मान कसा राखावा हे मी पुस्तकात शोधले नाही. त्यांच्याकडे पाहूनच शिकले.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त होत आहेत. विसावा घेतील म्हणावे, तर पती-पत्नी दोघे दीड वर्षासाठी सामोआला सेवेला निघाले आहेत. तिथल्या एका लहान बेटावर दवाखान्यात नर्स हवी आहे आणि शाळेच्या छपराला सुतार. या ग्रंथाची बातमी सांगायला मी गेले, तेव्हा त्या मच्छरदाण्या घडी करत होत्या. म्हणाल्या, "माझ्यावर कसलं लिहितेस? त्यापेक्षा दुसरं टोक धर."

मी टोक धरले. शालिनीताई, आपल्याला आणि विरेमुंना शंभरी गाठेल असे निरोगी, हसतेखेळते आयुष्य लाभो. गुडघे धड राहोत, नजर तेज राहो, आणि ज्या ज्या बेटावर आपण जाल तिथल्या अशक्त लेकरांना आपल्या हाताची ऊब मिळो. आम्हा सर्वांच्या वाट्याचे थोडेथोडे आयुष्य आपल्याला द्यावे म्हटले, तर आपण ते दुसऱ्याच कुणाला वाटून टाकाल. म्हणून ते मागणे देवापाशी, आपल्या आणि आमच्याही, परस्परच करते.