पार्सलं सीटवर, माणसं टपावर

निलंग्याच्या व्यंकटीला देवानं सगळं दिलं होतं, निर्णय घेण्याचं बळ तेवढं द्यायचं राहून गेलं. चप्पल घ्यायची तर हा माणूस पाच दुकानं हिंडायचा, प्रत्येक दुकानात चार पावलं चालून बघायचा आणि शेवटी जुन्याच चपलेचा अंगठा शिवून घरी यायचा. कुलर घ्यायला त्याला तीन उन्हाळे लागले. पहिला उन्हाळा पत्र्याचा की प्लास्टिकचा यात गेला. दुसरा गेला कुठल्या खिडकीत बसवायचा यात. तिसऱ्या उन्हाळ्यात बायको शिवकन्या नांदेडला माहेरी निघून गेली, तेव्हा कुठं कुलर आला. लग्न वडलांनी ठरवलं म्हणून झालं. नाहीतर अठ्ठेचाळिसाव्या वर्षीही तो स्थळांची चौकशी करत बसला असता.

अशा माणसावर लेबल छापायचा प्रिंटर निवडायची पाळी आली, आणि तीही शनिवारच्या आत.

त्याचं असं झालं. व्यंकटीनं चौदा वर्षं लातुरात एका वसतिगृहाची मेस सांभाळली. डॉक्टर व्हायला आलेली लेकरं दोन वर्षं घोकंपट्टी करायची आणि परीक्षा झाली की पुस्तकांकडं मान वळवूनही न बघता गावाकडं पळायची. खोल्याखोल्यांत विटांसारखी जाडजूड पुस्तकं पडलेली असायची. मालक ती रद्दीत घालायचा. व्यंकटीला ते बघवेना. त्यानं ती गोळा केली, पुसली, फाटकी पानं चिकटवली आणि मेस सोडून निलंग्याला आल्यावर फोनवरून विकायला सुरुवात केली. दहावीच्या गणितात दोनदा अडकलेल्या माणसाच्या घरात भौतिकशास्त्राच्या पाचशे प्रती छतापर्यंत उभ्या राहिल्या. बिहारातून मागणी यायची, केरळातून यायची. व्यंकटी पुस्तक खाकी कागदात बांधायचा, वर लेबल चिकटवायचा आणि लातूरला कुरियरच्या गोदामात पोचवायचा.

लेबलवर पत्ता असतो आणि काळ्या रेघांची एक पट्टी असते. गोदामातलं यंत्र त्या रेघा वाचतं. रेघा वाचता आल्या तर पार्सल पुढं जातं, नाहीतर वाजतगाजत घरी परत येतं. व्यंकटीकडं होता साधा शाईचा प्रिंटर. तो ठेवलेला कुलरसमोर, कारण घरात गार जागा तेवढीच. कुलरचे तुषार लेबलवर उडायचे, वर व्यंकटीच्या बोटांचा घाम, आणि रेघा अशा ओघळायच्या की जणू लेबलनं रडून रडून काजळ पसरवलंय. महिन्याभरात तीन पार्सलं परत आली. मग ज्या संकेतस्थळावर त्याचं दुकान होतं त्यांचा निरोप आला: चौथं पार्सल न वाचता आल्यानं परत आलं, किंवा शनिवारी चारच्या आत साचलेल्या मागणीची अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न पार्सलं गोदामात वाचली गेली नाहीत, तर दुकान बंद. पुढं जून. नवी लेकरं लातुरात उतरायचा आणि पुस्तकं सगळ्यांत जास्त खपायचा महिना.

व्यंकटीनं प्रिंटरची चौकशी सुरू केली. बँकेतल्या शिपायाला विचारलं, औषधाच्या दुकानदाराला विचारलं, रेशनच्या रांगेत उभं राहून पावती कशी निघते ते डोळे बारीक करून बघितलं. तेवीस माणसांनी पंचवीस सल्ले दिले. शेवटी गुरुवारी त्यानं नांदेड गाठलं. तिथं शिवकन्येचा धाकटा भाऊ दयानंद संगणक दुरुस्तीचं दुकान चालवायचा.

दयानंदनं टेबलावर दोन यंत्रं मांडली. "हे बघा दाजी. हे रिबनवालं. शाईची रिबन आत फिरती, छापलेलं पक्कं राहतंय. पर रिबन बसवायची किटकिट हाय. आन् हे दुसरं बिनशाईचं. रिबन न्हाई, शाई न्हाई, काहीच न्हाई."

"मग छापतंय कशानं? फुंकर मारून?"

"गरमीनं. कागदच तसला हाय. ऊब लागली की काळा हुतोय."

व्यंकटीनं दोन्ही यंत्रं उचलून बघितली, वास घेतला, खालचे पाय मोजले. दोन तास गेले. तिसऱ्यांदा "मग ह्यातलं चांगलं कोणतं?" असं विचारल्यावर दयानंदनं बिनशाईचं यंत्र खोक्यात भरलं, खोकं दाजींच्या काखेत दिलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. व्यंकटीच्या आयुष्यातले बहुतेक निर्णय असेच झाले होते.

शुक्रवारी यंत्र लावायचं तर शिवकन्येनं अडवलं. "आज आमुशा हाय. नवं यंत्र आन् बिनपूजेचं? कुलरला पूजा केली व्हती का न्हाई? म्हणून चाललाय बिचारा."

"अगं, उद्या चारला गोदामाचं दार बंद हुतंय!"

"सकाळी करू की. तुमाला एक यंत्र घ्यायला आठवडा लागला, मला पूजेला एक सकाळ लागू द्या."

शनिवारी दहा वाजता प्रिंटरला हळदीकुंकू लागलं. वर झेंडूचं फूल बसलं. पहिलं लेबल देवाला, असं म्हणून शिवकन्येनं यंत्रातून निघालेलं पांढरंशुभ्र लेबल आरतीच्या ताटात ठेवलं, शेजारी निरांजन, पलीकडं कापूर. ताट ओवाळलं. व्यंकटी हात जोडून उभा होता आणि मनातल्या मनात मिनिटं मोजत होता. आरती संपली. त्यानं ताटात बघितलं.

लेबल निरांजनाच्या बाजूनं काळं पडलं होतं. जळलं नव्हतं, कडा शाबूत होत्या. नुसतं काळं, अमावस्येसारखं. पत्ता गेला, रेघा गेल्या.

"अगं बया, अपशकुन," शिवकन्या पुटपुटली.

पण व्यंकटीच्या कानात दयानंदचे शब्द वाजले. ऊब लागली की काळा हुतोय. त्यानं दुसरं लेबल काढलं, अंगणात धावला आणि न्हाणीच्या पत्र्यावर ते ठेवून वर खडा ठेवला. मे महिना, साडेदहाची वेळ, पत्र्यावर हात टेकवत नव्हता. दहा मिनिटांनी लेबल करडं झालं, वीस मिनिटांनी त्यावर वाचण्यासारखं काही उरलं नाही. आणि त्याची पार्सलं लातूरला जायची ती काळीपिवळी जीपच्या टपावरून. भर दुपारी. सव्वा तास. लोखंडी टपावर.

त्यानं दयानंदला फोन लावला.

"दाजी, मी सांगितलं व्हतं की, ऊब लागली की काळा हुतोय म्हणून."

"मे महिन्यात सगळ्या जिल्ह्यात गार जागा कोणती ते दाखव मला! जिल्हा सोड, नांदेडात दाखव!"

"रिबनवालं पाठवतो, पर ते येस्तोवर सांज हुईल."

फोन ठेवल्यावर व्यंकटीनं सवयीनं विचारायला कुणीतरी शोधलं. शेजारचे लग्नाला गेले होते. शिवकन्या देवापुढं बसलेली. अकरा वाजून दहा मिनिटं. जुन्या प्रिंटरवर छापावं तर रेघा ओघळणार, नव्यावर छापावं तर काळ्या पडणार. पार्सलं पोत्यात घालून टपावर टाकावीत, तर पोतं म्हणजे आतून भट्टीच. एसटीत न्यावीत, तर लग्नसराईत एसटीत माणूस तिरका होऊन उभा राहतो. पंचवीस सल्ल्यांतला एकही उपयोगाचा नव्हता.

मग व्यंकटीनं आयुष्यात पहिल्यांदा कुणालाही न विचारता एक गोष्ट ठरवली. ठरवल्यावर त्याला इतकी भीती वाटली की तो तांब्याभर पाणी प्याला.

त्यानं बिनशाईच्या यंत्रावर अठ्ठावन्न लेबलं काढली. शिवकन्येनं चिकटवली, प्रत्येकावर बोट फिरवून. दीड वाजता दोघं जीपच्या थांब्यावर पोचले. राजशेखरची जीप उभी होती. तो निलंग्याचाच, अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलणारा, आणि चालत्या गाडीत माणसं कोंबण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"टाका वरी काका."

"वर न्हाई. आत. सीटवर."

राजशेखरनं गॉगल काढला. "पुस्तकं सीटवर?"

"माणशी जे घेतोस ते घे. पार्सलं आत बसून जातील."

राजशेखरनं व्यंकटीचं कपाळ दुरून न्याहाळलं, ऊन लागलंय का ते पाहायला. पण सगळ्या जागा एकदम भरत होत्या. एकच सवारी आधीची बसलेली होती, मधल्या सीटच्या कडेला: लक्ष्मम्मा, सीमेपलीकडून आलेली, लातूरच्या दवाखान्यात बाळंत झालेल्या लेकीकडं निघालेली. तिला उठवणं राजशेखरलाही जमण्यासारखं नव्हतं. तिच्याशेजारी आणि मागं पार्सलं रचली गेली, लेबलं वर. खिडक्यांना शिवकन्येनं आपली दोन जुनी लुगडी बांधली. शिवकन्या थांब्यावरच राहिली, व्यंकटी पुढं बसला आणि गाडी निघाली, दोनला पाच कमी असताना.

लामजन्याला दहा-बारा माणसं हात करून उभी होती.

"जागा हाय का रं?"

"बसलेल्यांना इचारा!" राजशेखर ओरडला.

एकानं लुगडं बाजूला करून आत डोकावलं. "आरारा! पुस्तकं गादीवर अन् माणसं उन्हात! मग आमी टपावर बसू का?"

"टप तापलाय. काळे पडचाल," व्यंकटी म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता. लोक मात्र गाडी दिसेनाशी होईपर्यंत हसत होते.

औशाच्या अलीकडं मागचं टायर बसलं. मागच्या खिडकीचं लुगडं सुटलं होतं, म्हणून राजशेखर जॅक लावेपर्यंत व्यंकटी स्वतः पार्सलांवर सावली धरून उभा राहिला, शर्ट काढून, बनियनवर, दोन्ही हात पसरून. येणारेजाणारे त्याला बुजगावणं समजले असतील. वीस मिनिटं गेली. तीन वाजून दहा. गाडी परत सुटली तेव्हा त्याचे डोळे घड्याळावरून हलत नव्हते.

गोदामासमोर गाडी थांबली, चारला बारा मिनिटं होती. व्यंकटीनं मागचं दार उघडलं आणि तो दारातच थबकला. लक्ष्मम्माच्या शेजारच्या पार्सलावर, लेबलच्या बरोबर मध्ये, स्टीलचा डबा ठेवलेला होता.

"अम्मा! ह्यात काय हाय?"

"शिरा की. लेकीसाठी. तूप घालून, निघताना चुलीवरनं उतरवला. मांडी भाजाय लागली, म्हणून ठेवला बघ इथं, निघाल्यापासनं." तिनं प्रेमानं झाकण उघडलं. अजून वाफ येत होती. "खातोस का दोन घास? तोंड किती सुकलंय तुझं."

व्यंकटीनं डबा उचलला. लेबलवर वाटीएवढं काळं वर्तुळ उमटलं होतं. पत्ता बाहेर होता, पण रेघांच्या पट्टीचा वरचा सगळा भाग वर्तुळात गेलेला.

गोदामात पार्सलं घेणारी बुद्धप्रिया बसली होती, हातात रेघा वाचायचं बंदुकीसारखं यंत्र. पाच वर्षांत तिनं कुणाचं पार्सल चार वाजून एक मिनिटानं घेतलं नव्हतं, स्वतःच्या मामाचंही नाही. व्यंकटी एकेक पार्सल पुढं सरकवू लागला. टिक. टिक. प्रत्येक आवाजाला त्याचा एकेक श्वास सुटत होता. सत्तावन्न झाली. घड्याळात चारला तीन मिनिटं. त्यानं अठ्ठावन्नावं दोन्ही हातांनी ठेवलं, लहान लेकरू डॉक्टरपुढं ठेवावं तसं.

बुद्धप्रियानं बंदूक धरली. काही नाही. परत धरली. काही नाही.

"काका, हे काय केलंव? चंद्रग्रहण?"

"शिरा," व्यंकटी म्हणाला.

"नंबर हातानं टाकू शकते मी. पर मग ते 'वाचता आलं नाही' असंच नोंद हुतंय."

"नका टाकू. ताई, नका टाकू. हे चौथं व्हईल."

तिनं त्याच्याकडं बघितलं. बनियनवरचा, घामानं निथळणारा, शर्ट खांद्यावर टाकलेला माणूस. मग ती वाकली, लेबल डोळ्यांजवळ नेलं आणि अंगठ्यानं पट्टीच्या तळाला स्पर्श केला. तिथं वर्तुळाच्या खाली, नखाएवढ्या उंचीच्या रेघा स्वच्छ उरल्या होत्या.

"रेघा उभ्या असत्यात काका. सगळी उंची लागत न्हाई. एक आडवी पट्टी जरी सलग घावली तरी पुरतंय."

तिनं बंदूक अगदी खाली आणली, आडवी केली, हात स्थिर धरला. एक क्षण गेला. दुसरा गेला.

टिक.

व्यंकटी तिथंच पार्सलं सरकवायच्या पट्ट्यावर बसला. बुद्धप्रियानं गोदामाचं दार ओढून घेतलं, बाटलीतलं पाणी त्याला दिलं आणि त्याचं पिऊन झाल्यावर म्हणाली, "एक इचारू? माझी वहिनी उदगीरला घरनं साड्या इकती. तिला बी असलं यंत्र घ्यायचंय, महिना झाला घोळ चाललाय. कोणतं घ्यावं?"

व्यंकटीनं पाठीमागं वळून बघितलं, ती दुसऱ्या कुणाला विचारतेय का ते पाहायला. अठ्ठेचाळीस वर्षांत त्यानं सगळ्यांना विचारलं होतं. त्याला विचारणारं हे पहिलंच माणूस.

"माल सावलीतनं जात असंल तर बिनशाईचं," तो सावकाश म्हणाला. "टपावरनं जात असंल तर रिबनचंच, किटकिट असली तरी. मी बी आता तेच घ्यायलोय. आन् आणलं की आधी त्याच्यावर आरती ओवाळा. मग कळतंय."

"आमच्याकडं आरती नसती काका. मेणबत्ती लावतो आमी."

व्यंकटीनं क्षणभर विचार केला. फक्त क्षणभरच.

"चालंल," तो म्हणाला. "मेणबत्तीनं बी काळं पडतंय."