समुद्राकाठचं किलीन

मुंबईच्या विमानतळावर बॅग जड भरली, तेव्हा आईने सगळ्यांदेखत ती उघडून माझा खलबत्ता बाहेर काढला. "दोन वर्षांसाठी कशाला हे धोंडे वाहायचे? तिकडे मिक्सर घ्या," म्हणाली. माझ्या नवऱ्याचं, निखिलचं, हॉस्पिटलमधलं ट्रेनिंग दोनच वर्षांचं होतं, त्यामुळे कोणी रडलंबिडलं नाही. बाबांनी तर शांतपणे समोसा खाल्ला. फेब्रुवारी २०२० होता तो. पुढच्या महिन्यात सगळं जग बंद पडेल हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तुम्ही जे तेव्हा सोडायला आला होतात, आणि तुम्ही जे आमच्यासारखेच इकडे आलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. आम्ही परत का आलो नाही हे फोनवर सांगायला गेले की माझं वाक्य मधेच तुटतं, आणि मग तुम्ही "नेटवर्क गेलं वाटतं" म्हणून फोन ठेवता.

निखिलचं हॉस्पिटल डब्लिनपासून दूर, पश्चिम किनाऱ्यावरच्या स्लायगो शहरात; तिथे घर मिळेना म्हणून आम्ही अर्ध्या तासावरच्या एका खेड्यात राहिलो. एक चर्च, एक धक्का, एक बंद पब. टेकाडावर पडका बुरूज, फ्रेंच जहाजं येतात का हे बघायला कधीकाळी बांधलेला. निखिल दिवसदिवस कोविडच्या वॉर्डात, मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर डब्लिनच्या कंपनीचं काम करत बसलेली. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही असा नियम आला, तेव्हा आतली वाट न् वाट मी पायाखाली घातली. दुसरं करणार काय?

शेजारी ब्रीडा. सत्तरी ओलांडलेली, नवरा गेलेला, मुलं ऑस्ट्रेलियात. ती ब्राऊन ब्रेड भाजायची आणि आमच्या खिडकीत ठेवून दोन पावलं मागे सरकायची. मग आम्ही काचेच्या आतबाहेर उभ्या राहून गप्पा मारायचो. तिचं निम्मं बोलणं मला पहिले दोन महिने कळलंच नाही, तरी मी मान डोलवायचे.

मिक्सरमधला ठेचा मला गिळवत नाही. एकदा समुद्राकडेच्या एका पडीक तुकड्यात, गोल बांधाच्या आत, गवतात खूप दगड दिसले. त्यातला एक पांढरा, गुळगुळीत, अगदी मुठीत बसणारा. मी खूश होऊन घरी आणला आणि आठवडाभर त्याने मिरच्या-लसूण ठेचला. ब्रीडाने तो खिडकीत वाळत ठेवलेला पाहिला. रागावली नाही. कुठून आणलास, एवढंच विचारलं आणि कोट चढवायला घरी गेली.

मग मला तिकडे घेऊन जाताना तिने सांगितलं, त्या तुकड्याला किलीन म्हणतात. बाप्तिस्मा व्हायच्या आधीच गेलेल्या बाळांना पूर्वी चर्चच्या जमिनीत जागा नसे. बाप अंधार पडल्यावर पेटी काखेत घेऊन इथे यायचा, पुरायचा, वर एखादा दगड ठेवायचा. आईने सोबत यायची रीत नव्हती. ब्रीडाचा एक भाऊ तिथे आहे. कोणत्या दगडाखाली, हे तिच्या आईला मरेपर्यंत कळलं नाही. म्हणजे मी उचललेला दगड त्याचाही असू शकत होता. दगड साबणाने घासून, ओढणीत धरून मी जागेवर ठेवला. लसणाचा वास काही गेला नव्हता.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये माझं बाळ गेलं. आठवा महिना होता. मुलगी होती.

हॉस्पिटलमधल्या नर्सने फार मायेने विचारलं, दहन की दफन? निखिल स्वतः डॉक्टर, पण त्याला साधं वाक्य पुरं करता येईना. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "एवढ्याशा जिवाला अग्नी देत नाहीत गं. मातीतच ठेवतात." आणि तिने कॅमेऱ्यावर हात ठेवला. मातीत ठेवतात हे खरं, पण आमची इथे माती कुठली? विमानं बंद. आई येऊ शकत नव्हती, आम्ही बाळाला तिकडे घेऊन जाऊ शकत नव्हतो. मी निखिलला म्हटलं, किलीनमध्ये ठेवू. आपण परकेच ना, तीच जागा आपली.

हे ऐकल्यावर ब्रीडा पहिल्यांदा माझ्यावर चिडली. "त्या जागेत आता एकही बाळ जाणार नाही," ती म्हणाली. "माझ्या घराण्याच्या कबरीत जागा आहे. ती माझ्या नवऱ्याशेजारी निजेल." इथे कबर घराण्याची असते, पिढ्यान् पिढ्या एकाच जागी. ती त्याच दुपारी फादरना विचारून आली आणि खिडकीतूनच अंगठा दाखवून "ग्रँड" म्हणाली, म्हणजे इकडच्या बोलीत सगळं जमलं.

निखिलने पांढरी पेटी मांडीवर घेतली होती. गाडी सावकाश चर्चकडे निघाली. गर्दी करायला बंदी, म्हणून अख्खं गाव आपापल्या फाटकापाशी रस्त्याकडेला उभं होतं. टोप्या हातात. इथे अशा वेळी "सॉरी फॉर युअर ट्रबल" एवढंच म्हणतात. काचेपलीकडे त्यांचे ओठ हलताना दिसत होते. खरं सांगू? मला त्यांचा संताप आला. माझी माणसं असायला हवी होती तिथे ही लाल गालांची, परकी माणसं का उभी? तो राग जायला कित्येक महिने लागले.

ऑक्टोबरमध्ये निखिलला पुण्यात नोकरी आली. बाबांनी आमची खोली रंगवून घेतली. निखिल आपला एकच धोशा लावून बसला, तू म्हणशील तसं. ब्रीडा म्हणाली, तुम्ही बिनधास्त जा, मी आहे ना तिच्याजवळ. मी बॅग काढली, चार कपडे भरले, परत बाहेर काढले. असं दोनतीनदा झालं.

मला हे गाव आवडतं असं समजू नका. डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो, वारा माणसाला वेड लावतो, धड कोथिंबीर मिळत नाही. पुण्याची आठवण आली नाही असा दिवस नाही. आईबाबांची वयं वाढताहेत, त्यांना इथून फोनवर बघताना जीव तुटतो. तरीही माझं घर आता हेच आहे, आणि तेही आनंदाने नव्हे.

शेवटी आईला फोन केला. ती रडली, मग चिडली. गेलेल्या जिवासाठी जित्यांना का तोडतेस, म्हणाली.

"आई," मी म्हटलं, "तुझ्या लेकीवर वेळ आली तेव्हा तुला येता आलं नाही. तुझा इलाज नव्हता. माझा आहे. मी कशी जाऊ माझ्या लेकीला टाकून?"

तिने हळूच विचारलं, "थंडी वाजत असेल ना गं तिला तिथे?"

"नाही गं," मी म्हटलं. "दुपारनंतर ऊन येतं तिच्या अंगावर."