आत्याच्या चिंध्या

आमची आत्या चाळीस वर्षं शिवणकाम करतेय. गिऱ्हाइकाच्या कापडाला सुई लावण्याआधी एका चिंधीवर चार बोटं तुरपाई घालून बघते. हात कसा चाललाय ते कळतं म्हणे. मग चिंधीवर पेनाने तारीख-वेळ लिहून डब्यात टाकते. आम्ही हसायचो. "हसा, हसा," म्हणायची.

तिला मधुमेह. साखर एकदम खाली आली की तिला पत्ताच लागत नाही. दोनदा मशीनवरच बेशुद्ध पडली. म्हणून दवाखान्याने एका संशोधनात तिचं नाव घातलं. दंडाला साखर मोजणारी चकती, मोबाईलवर तिचे आकडे दाखवणारं ॲप. दोन वर्षं बाईने इमानेइतबारे ते सगळं केलं. वर ॲपमधल्या वेळांशी ताडून संशोधनवाल्या मॅडमना चिंध्याही दाखवल्या: "बघा, साखर घसरायच्या आधी माझा टाका डावीकडे झुकतो." मॅडमनी फटाफट फोटो काढले.

पुढे ॲपमध्ये काय आलं? पडद्यावर बोटाने सरळ रेघ ओढा. वाकडी गेली तर साखर तपासा. त्याचं पेटंटसुद्धा घेतलं! आत्याचा उल्लेख? औषधालाही नाही.

तेही सोडा. अभ्यास संपला, चकती परत गेली, तिच्या मोबाईलवरचं ॲप बंद. आणि नव्या डॉक्टरांना इन्सुलिन ठरवायला तेच दोन वर्षांचे आकडे हवे होते. मी संशोधन करणाऱ्या संस्थेत फोन केला.

"माहिती संस्थेच्या मालकीची आहे. लेखी अर्ज करा, तीस दिवसांत कळवू."

"अहो, रक्त तिचं, दंड तिचा, आणि मालकी तुमची?"

"त्यांनी संमती दिली आहे, मॅडम."

दिली होती ना! 'सहमत' दाबल्याशिवाय पान पुढे सरकतच नव्हतं. तीन अर्ज केले. तिसऱ्या अर्जाच्या आठवड्यात आत्या पुन्हा पडली, कपाळाला टाके पडले. माझं डोकंच फिरलं.

शेवटी आत्यानेच डबा उचलला आणि डॉक्टरांच्या टेबलावर रिकामा केला. डॉक्टरांनी वाकड्या टाक्यांच्या चिंध्या वेगळ्या काढल्या. जवळजवळ सगळ्या दुपारी साडेबाराच्या आसपासच्या. "सकाळचा डोस कमी करू," ते म्हणाले. एवढ्यासाठी तीन अर्ज! तेव्हापासून ती पडलेली नाही.

परवा त्या संशोधनवाल्या मॅडमचा फोन आला, मी स्पीकरवर टाकला. ॲप सुधारायचंय, तर मूळ चिंध्या हव्यात, तारखांसकट. "तशाही तुमच्याकडे पडूनच असतील ना?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याने हातानेच गप्प केलं. तुरपाईवरची नजर न काढता फोनकडे तोंड करून म्हणाली, "चिंध्या आमच्या मालकीच्या आहेत. लेखी अर्ज करा. तीस दिवसांत कळवू."

मी तिच्या हातातला टाका बघितला. सरळ होता.