तीनशे रुपयांची पगारवाढ

चंद्रप्रकाश राणे आमच्या गाळ्यात पुठ्ठा कापायच्या मशीनवर. अंधेरी एमआयडीसीत खोके बनवतो आम्ही, मी पॅकिंगला. त्याचा बाप गिरणीत होता, गाव मालवणकडे. माणूस एकदम सरळ. इतका सरळ की रागच यायचा मला मेल्याचा.

त्याच्या बायकोच्या, जानकीच्या, दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, सगळं ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, कार्डावर, फुकट. ते कार्ड होतं म्हणून बाई जिवंत होती.

एकदा शेठने हिशेबाच्या नंदकुमारला विचारलं, "एक माणूस मला खरा कितीला पडतो? पगारावर पीएफ, ईएसआय, बोनस, ग्रॅच्युइटी, अगदी चहासुद्धा धर." नंदकुमारने सगळं धरलं आणि त्यात त्याला एक वाट सापडली. पगार एकवीस हजारांच्या वर गेला की ईएसआय भरायला नको, बोनसचं बंधनही सुटतं. चंद्रप्रकाश जरासाच खाली होता. तीनशे वाढवले तर माणूस उलट स्वस्त पडत होता! हे नंतर नंदकुमारनेच मला सांगितलं, मान खाली घालून. आता मान खाली घालून काय उपयोग रे?

वाढ मिळाली तेव्हा चंद्रप्रकाशने पेढे वाटले. शेठच्या पाया पडला! आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले, नंदकुमारनेही.

वाढीनंतर कार्ड लगेच बंद होत नाही, मुदत असते. मुदत संपली आणि हॉस्पिटलच्या खिडकीवरून सांगितलं, तुम्ही आता ईएसआयमध्ये बसत नाही. हा धावत शेठकडे.

"शेठ, वाढ परत घ्या. पगार कमी करा माझा."

"अरे, चढवलेला पगार उतरवता येतो काय? कायद्यात बसत नाही. लोक काय म्हणतील मला?"

बघा, कायदा तेव्हा आठवला.

मी म्हटलं, "सोड ना ही नोकरी. कमी पगाराची बघ कुठे, कार्ड मिळेल."

"पंचावन्नाव्या वर्षी कोण घेतो गं मला? विचारून आलो चार ठिकाणी."

सरकारी योजनेत नाव घातलं, नंबर लागेना. मग खाजगीत. मंगळसूत्र गेलं, गावची आंब्याची कलमं गेली. तीनदाचं दोनदा झालं, दोनदाचं एकदा. जानकीच म्हणायची, "आज नको, माका बरा वाटता." बरं कसलं डोंबलाचं! पाय सुजून भोपळे झाले होते, पायरी उतरवत नव्हती. पैसे वाचावेत म्हणून खोटं बोलत होती बाई, आणि त्याला ते कळत होतं.

होळीच्या आदल्या दिवशी ती गेली.

शेठ असल्फ्याला चंद्रप्रकाशच्या खोलीवर भेटायला आला. चपला काढून आत बसला, खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "काही लागलं तर सांग, संकोच करू नकोस."

चंद्रप्रकाशने हात जोडले. आवाजसुद्धा चढवला नाही.

"आता काय लागत नाय, शेठ. आता तुमचा पगार पुरतो."