सायकलवाल्याचा मराठीतला जबाब

नोकरीत पाहिलेल्या मोठ्या गुन्ह्यांचे तपशील आता वयाबरोबर पुसट होत चालले आहेत. एका जुन्या सायकलच्या चोरीची ती घटना मात्र काही केल्या मनातून जात नाही. त्यात कोणाला ओरखडाही उठला नाही, की पेपरात एक ओळ छापून आली नाही. तरी ती आठवली की मी अस्वस्थ होतो, आणि त्याचं कारण चोर नाही, मी आहे.

आधी माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. माझे वडील मिरजेला हवालदार होते. मी विशीत बहिणीच्या मागे न्यू जर्सीला आलो, पडतील ती कामं केली, नागरिकत्व मिळाल्यावर पोलिसाची परीक्षा दिली आणि पिस्कॅटवेजवळच्या एका लहान गावाच्या पोलीस खात्यातून डिटेक्टिव्ह म्हणून निवृत्त झालो. आमच्या मराठी मंडळात सगळे डॉक्टर, नाहीतर इंजिनियर. त्यांच्यात मी म्हणजे भातातला खडा. गणपतीत मी दिसलो की हसतं खेळतं टोळकं जरा सावरून उभं राही. ज्याला वेगात गाडी चालवल्याचं तिकीट मिळालेलं असे, तोच काय तो ‘काका, कसे आहात?’ म्हणत जवळ येई.

ती तक्रार एका निवृत्त अमेरिकन शाळामास्तरांनी दिली होती. ते लेकीकडे गेले असताना त्यांच्या अंगणातली शेड फोडून कोणीतरी गवत कापायचं यंत्र, हत्यारांची पेटी आणि एक सायकल नेली होती. यंत्राचं त्यांना काही वाटत नव्हतं. सायकल मात्र त्यांच्या वडिलांनी त्यांना दहाव्या वर्षी दिलेली. जाड टायर, लाल रंग, आणि मोटारसायकलला असते तशी दांड्यावर खोटी टाकी. मास्तरांच्या लहानपणी इथल्या गावात सायकलला पोलीस ठाण्याचा परवाना लागे. मी ठाण्याच्या तळघरात उतरलो, तासभर शिंकलो आणि त्या वर्षाची नोंदवही शोधून काढली. त्यात मास्तरांचं नाव आणि फ्रेमवरचा नंबर, दोन्ही स्वच्छ अक्षरात होतं. मास्तरांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं.

सहा आठवडे हाती काही लागलं नाही. मग एका सकाळी मास्तरांच्या शेजाऱ्याचा फोन आला. इंटरनेटवर जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत त्याने तशीच सायकल पाहिली होती. मी जाहिरातीतला नंबर लावला आणि गिऱ्हाईक म्हणून बोलू लागलो. पलीकडचा माणूस सफाईदार इंग्रजीत सायकलची माहिती देत होता. मागे कुकरची शिट्टी झाली. त्याने फोनवर हात ठेवला, तरी मला स्पष्ट ऐकू आलं.

“अगं, गॅस बारीक कर ना, कस्टमर आहे.”

मला मराठी येतं हे मी त्याला कळू दिलं नाही. त्या क्षणी त्यात काही गैर आहे असं मला वाटलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या कपड्यांत त्याच्या घरी गेलो. पस्तिशीचा, सॉफ्टवेअरमधला माणूस. गाडी बाहेर उन्हात आणि गॅरेज सायकलींनी भरलेलं. काही छताला टांगलेल्या, काहींची चाकं काढून ठेवलेली. प्रत्येकीच्या हँडलच्या मधोमध कुंकवाचं बोट लावलेलं होतं. लाल सायकलीवरून हात फिरवत तो मला सांगत होता, की क्रोमवरचा गंज अॅल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून घासली तर कसा निघतो, आणि चामड्याच्या सीटला तेल किती बेताने द्यावं लागतं. इतक्या प्रेमाने बोलणाऱ्या माणसाला मधेच थांबवणं माझ्या जिवावर आलं. पण मी सायकल उलटी केली, पेडलखालचा नंबर वाचला आणि खिशातून बिल्ला काढला. त्याच्या हातातलं फडकं खाली पडलं.

तो आपण होऊन ठाण्यात आला. खात्यातल्या माझ्या गोऱ्या जोडीदाराने नियमाप्रमाणे त्याला इंग्रजीत सांगितलं, की तुम्हाला अटक झालेली नाही, हवं तेव्हा उठून जाऊ शकता, आणि या खोलीतलं सगळं बोलणं रेकॉर्ड होतं. त्याने मान हलवली. मग आम्ही विचारलं, सायकल कुठून आली? तो म्हणाला, माझीच आहे, पाच वर्षांपासून.

जोडीदाराने तोच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला आणि तिन्ही वेळा तेच उत्तर आलं. सहा आठवड्यांपूर्वी चोरीला गेलेली सायकल पाच वर्षं आपल्याकडे आहे म्हणणाऱ्याच्या विरुद्ध वेगळा पुरावा लागत नाही. जोडीदार मला बाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, आरोप ठेवून मोकळे होऊ.

मलाही तो चोरच वाटत होता. एक गोष्ट तेवढी खटकत होती. चोरीचा माल सापडला की चोर पहिल्यांदा काय म्हणतो? ‘मी विकत घेतली, कोणाकडून ते आठवत नाही.’ सगळ्यात सोपी थाप ती. या शिकल्या सवरलेल्या माणसाने सोपी वाट सोडून आपणच आपली मान फासात घातली होती. म्हणजे ‘विकत घेतली’ हे दोन शब्द त्याला चोरीच्या आरोपापेक्षाही भारी वाटत होते. मला त्याचं फोनवरचं ‘कस्टमर’ आठवलं.

मी जोडीदाराला बाहेरच थांबवलं, आत गेलो आणि मराठीत म्हणालो, “चहा घेणार का? इथला चहा काही खरा नाही, पण गरम असतो.”

त्याने वर पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. “काका, तुम्ही मराठी आहात?”

माझे वडील म्हणत, माणूस बोलायला लागला की आपण खुर्चीसुद्धा हलवायची नाही. मी हललो नाही. तो बोलत गेला. तो कामाच्या व्हिसावर होता. ज्या कंपनीने आणलं तिचंच काम करायचं, दुसरा धंदा करायचा नाही, हा त्या व्हिसाचा नियम. ग्रीन कार्डाच्या रांगेत त्याची अकरा वर्षं गेली होती, मुलगी इथेच जन्मलेली. त्याच्या वडिलांचं पुण्यात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ते गेल्यावर दुकान गेलं, पण त्याच्या हातातलं काम गेलं नाही. आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसायचं आणि शनिवारी उजाडताच बायकोला घेऊन गॅरेज सेल फिरायचे. लोक घरातलं नको झालेलं सामान गॅरेजपुढे मांडतात, त्यात बशा आणि दिव्यांच्या मागे कुठेतरी धूळ खात एखादी जुनी सायकल असते. ती आणायची, धुवायची, जोडायची. आधी एक ठेवून घेतली, मग दोन, मग गॅरेज भरलं म्हणून विकायला लागला.

“आपली जुनी सायकल विकली तर चालतं काका. पण विकण्यासाठी घेतली म्हटलं की तो धंदा होतो. घेतली म्हणून सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, अजून किती घेतल्या. म्हणून पाच वर्षं म्हणालो.”

व्हिसा वाचवण्यासाठी सांगितलेली ही थाप त्याला तुरुंगात नेणार होती, आणि तिथून सरळ विमानात. मला हायसं वाटलं, कारण हे बोलणं खोटं नव्हतं. इतक्यात त्याची नजर कोपऱ्यात छताजवळच्या कॅमेऱ्याकडे गेली.

“काका, हे बंद आहे ना?”

“नाही.”

“तुम्ही सांगितलं नाहीत.”

“सुरुवातीला सांगितलं होतं.”

“इंग्रजीत सांगितलं होतं,” तो म्हणाला, आणि त्याने दोन्ही हात मांडीखाली घेतले.

कायद्याने माझी काही चूक नव्हती. आपलं माणूस भेटलं की पोलीस ठाणंही घर वाटावं, ही चूक आपल्याच लोकांकडून होते, आणि त्याच्याकडून ती होणार हे मी चहा विचारतानाच ओळखलं होतं. बोलता बोलता त्याला मधेच थांबवून ‘हेही रेकॉर्ड होतंय’ म्हणायला मला दोन सेकंद पुरले असते.

आता त्याच्यापुढे एकच वाट उरली होती, ती म्हणजे सायकल कोणाकडून घेतली ते दाखवणं. पावती नव्हती, गॅरेज सेलमध्ये कोणी देतही नाही. तो म्हणाला, प्रत्येक सायकल घेतली की तिथेच उभ्या उभ्या तिला कुंकू लावतो आणि फोटो काढून पुण्याला आईला पाठवतो. वडील पाना लावण्याआधी प्रत्येक सायकलला कुंकू लावत, ती रीत आईने मोडू दिली नव्हती. पण सायकल विकली किंवा जाहिरात टाकली, की धंद्याचा माग राहू नये म्हणून तो स्वतःच्या फोनमधले फोटो पुसून टाकत असे. आईच्या फोनमध्ये असतील. एवढं बोलून तो माझ्या हाता-पाया पडायला लागला, की आईला यात आणू नका, तिला ब्लडप्रेशर आहे.

मी म्हणालो, दुसरा उपाय नाही. पुण्यात तेव्हा संध्याकाळची जेवणं चालली असतील. त्याने फोन लावला, आवाज शक्य तितका साधा ठेवून फोटो मागितला. पण आईच ती, तिने लगेच ओळखलं. शेवटी फोन माझ्याकडे आला. मी कोण ते सांगितलं.

मग बाई म्हणाल्या, “माझ्या मुलाने काय केलं?”

“काही केलेलं नाही.”

“मग पोलीस कशाला?”

मी त्यांना समजावून सांगितलं, की चोरीची वस्तू नकळत त्याच्याकडे आली आहे, फोटो मिळाला तर तो सुटेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवताना म्हणाल्या, “तुम्ही आपले आहात ना, मग मला काळजी नाही.” मी हो म्हणालो. समोर तो टेबलाकडे बघत बसला होता.

पाच मिनिटांत फोटो आला. लाल सायकल, हँडलवर ताजं कुंकू, मागे टेबलावर मांडलेलं सामान, भिंतीवर घराचा नंबर, आणि कडेला खुर्ची टाकून बसलेला विकणारा. वर पाठवल्याची तारीख होती, चोरीनंतरच्या पहिल्या शनिवारची. दुपारपर्यंत आम्ही त्या घरी पोचलो. भाड्याचं घर होतं. गॅरेजमध्ये मास्तरांची हत्यारांची पेटी त्यांच्या नावासकट मिळाली, शिवाय आणखी चार घरांतला माल. शेड फोडायच्या आणि दर शनिवारी स्वतःच्याच दारात सेल मांडायचा, असा त्या गृहस्थाचा उद्योग होता. त्याने गुन्हा कबूल केला.

मास्तरांना सायकल परत दिली. ती नेली तेव्हापेक्षा चांगली चालते आहे, असं ते म्हणाले. कुंकवाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, हे काय? मी सांगितल्यावर त्यांनी ते पुसलं नाही.

राहिला जबाब. मराठी येणारा खात्यात मी एकटाच, त्यामुळे त्याचं इंग्रजी भाषांतर माझ्याकडेच आलं. जोडीदाराने माझ्या टेबलाशी येऊन विचारलं, धंद्याचं ते सगळं लिहायलाच हवं का? मी म्हणालो, जबाब अर्धा लिहिता येत नाही. मी शब्दन् शब्द लिहिला आणि सही केली. चोराने कबुली दिल्यामुळे खटला उभा राहिला नाही आणि ती फाइल कोणी उघडली नाही. हे सांगायला मी सायकलवाल्याला दोन वेळा फोन केला. त्याने उचलला नाही. माझा नंबर पाहून त्या घरात काय होत असेल, हे लक्षात आल्यावर मी तिसऱ्यांदा केला नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? वडिलांचा नियम खरा होता, पण तो चोरांसाठी होता. मी तो ‘काका’ म्हणणाऱ्या माणसावर वापरला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, समोर मराठी माणूस बसला की मी चहाच्या आधी एक वाक्य मराठीत बोलत असे, की इथलं सगळं रेकॉर्ड होतं, आपण आपल्या भाषेत बोललो तरी होतं. त्यामुळे काही जबाब माझ्या हातून निसटले. निसटू दिले.

तीन वर्षांनी तो मला इंडियन ग्रोसरीच्या रांगेत दिसला, सोबत सहा-सात वर्षांची मुलगी. मला पाहून तो इंग्रजीत म्हणाला, “गुड मॉर्निंग, डिटेक्टिव्ह.” मी मराठीत आईची चौकशी केली. बरी आहे, असं त्याने इंग्रजीत सांगितलं. कार्ड आलं का, विचारलं. गेल्या वर्षी आलं, तोवर दारातली पत्रपेटी बायकोच उघडायची, मला धीर व्हायचा नाही, हेही इंग्रजीत. मग मी सांगितलं, की ती फाइल कोणी उघडलीच नाही. त्याने मान हलवून आभार मानले. सायकली? नाही सर, गॅरेजमध्ये आता गाडी असते.

मुलीने त्याची बाही ओढून विचारलं, “बाबा, इज ही अ काका?”

त्या दिवशी तो मराठीत एकच वाक्य बोलला. “नाही बाळा, ते पोलीस आहेत.” आवाजात राग नव्हता. तवा गरम आहे, हात लावू नकोस, असं मुलांना सांगतात ना, तितक्याच साधेपणाने त्याने ते सांगितलं.